कडी काढली तर मान मोडते?

थायलंडमधल्या चियांग माई शहराच्या बाजारातून आलेली रंगवलेली लाकडी 'करेन बाई' (करेन म्हणजे म्यानमार-थायलंड सीमेवरच्या जमाती) बऱ्याच शोकेसमध्ये दिसते: मानेभोवती सोनेरी वेढे, डोक्याला रंगीत फडकं. तिच्याबरोबर एक कथाही हमखास येते. कड्यांनी या बायकांची मान लांबते म्हणे, आणि कडी काढली की मान मोडून बाई दगावते.

दोन्ही खोटं. मान लांबत नाहीच. पितळेच्या वजनाने गळ्याखालची आडवी हाडं आणि वरच्या बरगड्या खाली दबतात, खांदे उतरतात, म्हणून मान उंच भासते. मणके जागच्या जागी असतात. शिवाय ती सुटी कडीही नव्हेत. एकच लांब पितळी कांब गुंडाळलेली असते, आणि मुलगी वाढते तशी ती बदलून मोठी घालतात. म्हणजे जुनी काढावीच लागते! अनेक बायकांनी तर ती कायमची उतरवली आहे. सुरुवातीला मान अशक्त वाटते, इतकंच.

आणि हे वेढे सरसकट करेनांचे नाहीत, त्यांच्यातल्या कयान या एका गटाच्या बायकांचे आहेत. कयान हे मूळचे म्यानमारचे. तिथल्या लढाईमुळे त्यांच्यातले काही १९८०च्या दशकापासून थायलंडच्या मे हाँग सोन प्रांतात आले. बहुतेक करेन गटांत ही प्रथाच नाही. पण साध्या मानेची बाहुली पर्यटक कशाला घेईल?