घाणेरी निर्मूलन (श्रमदान)

घाणेरी निर्मूलन : रानात, माळावर किंवा टेकडीवर माजलेली घाणेरी गड्ड्यासकट काढणे आणि तिथली मूळची झुडपे व गवत परत येईपर्यंत त्या जागेची राखण करणे. व्याख्येतला दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. तो सुटला की सगळी मेहनत फुकट जाते. महाराष्ट्रात हे काम वनखात्याचे मजूर करतात, काही ठिकाणी गावकरी करतात आणि शहरांलगतच्या टेकड्यांवर राष्ट्रीय सेवा योजनेची मुले-मुली व रविवारी सकाळी जमणारे नागरिक श्रमदानाने करतात. ही नोंद मुख्यतः श्रमदानाबद्दल आहे.

घाणेरीला टणटणी असेही म्हणतात. ती मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणून ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि पुढे बागांच्या कुंपणांवरून रानात शिरली. पान चुरगळले की जो उग्र वास येतो त्यावरून तिला घाणेरी हे नाव पडले. गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. चाराटंचाईत भुकेपोटी खाल्लीच तर त्यांचे यकृत बिघडते आणि उन्हात कातडी सोलवटते. पाखरांना मात्र तिची फळे आवडतात. पिकून काळी झालेली फळे बुलबुल आणि साळुंक्या खातात आणि बसतील तिथे बी टाकतात. माळावरच्या एकट्या बोरीखाली घाणेरीची कोवळी रोपे सापडतात ती यामुळेच. निनाद मुंगी आणि भारतीय वन्यजीव संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार भारतातील वाघांच्या अधिवासापैकी ४० टक्क्यांहून अधिक भागात, म्हणजे सुमारे दीड लाख चौ. किमी. क्षेत्रावर, घाणेरी पसरली आहे. तिच्या जाळीखाली ऊन पोचत नाही, गवत मरते, आणि गवत गेले की चितळ-सांबरांचा चारा जातो.

परदेशातून आली एवढ्यावरून कोणतीही वनस्पती वाईट ठरत नाही. मिरची, बटाटा, पेरू आणि सीताफळ ही सगळी अमेरिकेकडूनच आली आणि आपल्या ताटात रुळली. आक्रमक म्हणायचे ते आपल्या आपण पसरून बाकीच्यांची जागा बळकावणाऱ्या वनस्पतीला. या यादीत घाणेरीबरोबर गाजर गवत, कोकणात आणि गोव्यात डोंगरउतार व्यापणारी रानमोडी, कोरड्या भागातली वेडी बाभूळ आणि नद्या-तलाव झाकून टाकणारी जलपर्णी ही महाराष्ट्राच्या ओळखीची नावे आहेत.

घाणेरी का माजते, याचे उत्तर बहुधा जमिनीच्या इतिहासात असते. झाडे तुटली, अति चराई झाली, रस्ता काढताना माती उकरली, की मोकळ्या उजेडात ती आधी शिरते. कर्नाटकातील बिळिगिरीरंगन डोंगरात राहणारे सोलिगा आदिवासी आणखी एक कारण सांगतात. ते उन्हाळ्याच्या तोंडाला पालापाचोळ्याला हलकी आग लावत. १९७४ साली तिथे अभयारण्य झाले, ही आग बंद झाली आणि त्यानंतर घाणेरी आवरेनाशी झाली, असे त्यांचे म्हणणे आहे. वणवा सर्वत्र वाईटच, असे शिकलेल्या शहरी स्वयंसेवकाने हे म्हणणे मन लावून ऐकायला हवे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते रान पाहिले आहे, त्यांचे हे निरीक्षण आहे.

काढण्याची रीत : कोयत्याने वरच्या वर छाटलेली घाणेरी मरत नाही. पहिल्याच पावसात बुडख्यातून दहा धुमारे फुटतात आणि वर्षभरात जाळी पूर्वीपेक्षा दाट होते. एकदा माजलेली जाळी जाळून टाकली तरी तेच. तिला खाणारे कीटक गेल्या शतकात परदेशातून आणून पाहिले गेले. पाने झडतात, झुडूप टिकते. दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वेगळी रीत वापरली आणि २००९ साली तिची माहिती प्रसिद्ध केली. खोड जिथे जमिनीत शिरते तिथे एक फुगीर गड्डा असतो. धुमारे फुटतात ते तिथूनच. त्याच्या खाली, जमिनीपासून ३ ते ५ सेंमी. खोलीवर, मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उचलून उलटे ठेवायचे. एवढे जमले की ते पुन्हा फुटत नाही.

श्रमदानात यासाठी दोघांची जोडी लागते. एकाने लांब दांड्याच्या आकडीने फांद्या मागे ओढून धरायच्या, कारण काटे उलट वळलेले असतात आणि बाही अडकली की सुटत नाही. दुसऱ्याने बुंध्यापाशी बसून कुदळीने माती सैल करायची, हाताने चाचपून गड्डा शोधायचा आणि त्याखाली घाव घालायचा. मूळ सुटल्याचे हाताला लगेच कळते. इतका वेळ अडून बसलेले झुडूप एकदम हलके होते. मग ते मुळे आभाळाकडे करून खडकावर किंवा दुसऱ्या वाळलेल्या जाळीवर ठेवायचे, मातीला टेकू द्यायचे नाही. नवखी जोडी सुरुवातीला सकाळभरात मोजकीच झुडपे काढते. त्यात कमीपणा नाही. घाईने छाटलेल्या शंभर झुडपांपेक्षा गड्ड्यासकट काढलेली पाच बरी.

पहिले एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर जमीन मऊ असते, तेव्हा हे काम सोपे जाते. फळे धरण्याआधी उरकले तर बी सांडत नाही. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि जाड तळाचे बूट लागतातच. जाळीत हात घालण्याआधी काठीने आपटून पाहावे, घोणस आणि फुरसे अशाच सावलीत असतात.

कुठून सुरुवात करावी याबाबत ऑस्ट्रेलियातील जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींचा अनुभव जगभर मानला जातो. सिडनीत आपल्या घराजवळच्या रानात १९६० च्या दशकात त्या दोघी रोज फिरता फिरता थोडे थोडे तण उपटत. त्यांचे नियम तीन : जिथे मूळचे रान चांगले आहे तिथून सुरुवात करून बिघडलेल्या भागाकडे सरकावे, माती कमीत कमी उकरावी, आणि मूळच्या वनस्पती ज्या वेगाने परत येतात त्याहून अधिक वेगाने तण काढू नये. घाणेरी सिडनीच्या रानांतही आहे, त्यामुळे हे नियम इथे लांबचे वाटत नाहीत. श्रमदानाची मंडळी बहुतेकदा नेमके उलटे करतात. सर्वांत दाट जाळीवर तुटून पडतात, एका दिवसात मोठा पट्टा उघडा करतात आणि उकरलेल्या त्या मातीत पुढच्या पावसाळ्यात घाणेरीची शेकडो रोपे नाहीतर गाजर गवत उगवते.

म्हणून पुढचे दोन-तीन पावसाळे त्याच जागी परत जावे लागते. रोप बोटभर असताना ओल्या मातीतून दोन बोटांनी निघते. ओळखायला पान चुरगळून वास घेतला की पुरे. लहान मुलांना आणि वयस्कर मंडळींना हे काम छान जमते, आणि माझ्या मते हाच श्रमदानाचा गाभा आहे. पहिल्या दिवशी शंभर माणसे येण्यापेक्षा तीन वर्षे येणारी सहा माणसे त्या टेकडीला जास्त उपयोगी पडतात.

जागा मोकळी झाली की लगेच खड्डे खणून वड-पिंपळ लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. आधी पाहावे की तिथे मुळात काय होते. माळ असेल तर मारवेल, पवना, शेडा, डोंगरी आणि कुसळी ही गवते परत यायला हवीत. शेजारच्या चांगल्या माळावरून हिवाळ्यात परवानगीने त्यांचे बी गोळा करून पेरता येते. झुडपी रान असेल तर करवंद, तोरण, धायटी, मुरुडशेंग. बऱ्याचदा काहीच लावावे लागत नाही. जाळीखाली दबून राहिलेली करवंदे उजेड मिळताच फुटतात. मेळघाटात गावांचे पुनर्वसन झाल्यावर रिकाम्या जागांवर कुरणे उभी करण्याचे जे काम झाले, त्यात गवततज्ज्ञ गजानन मुरतकर यांचा सहभाग होता. गवत हे रान असते, उजाड जागा नव्हे, ही समज त्या कामामागे आहे.

पुण्याच्या टेकड्यांवर प्रश्न थोडा निराळा आहे. तिथे घाणेरीबरोबर गिरिपुष्प आहे. हेही मध्य अमेरिकेतले झाड, आणि इथे ते वनीकरणात मुद्दाम लावले गेले. ते झपाट्याने वाढते, तोडले तरी फुटते. ते काढावे, की त्याच्या सावलीत देशी झाडे वाढवून हळूहळू विरळ करावे, यावर टेकडीप्रेमींत मतभेद आहेत. दुसरा मार्ग मला सुज्ञ वाटतो. शिवाय गिरिपुष्प वृक्षात मोडते आणि नागरी भागात १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमानुसार परवानगीशिवाय वृक्ष तोडता येत नाही. राखीव वनात तर कुठलेही झुडूप काढण्याआधी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. हेतू चांगला असला तरी ती टाळू नये. चुकून देशी निरगुडी उपटली जाण्याचे प्रसंगही परवानगीआधीच्या तपासणीमुळे टळतात.

गाजर गवताच्या बाबतीत आणखी काळजी लागते. त्याची भारतातली पहिली नोंद १९५० च्या दशकात पुण्याजवळचीच. त्याच्या स्पर्शाने त्वचेला खाज सुटते, परागांनी दम्याचा त्रास होतो. दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असलेल्यांनी या कामात उतरू नये. बाकीच्यांनी फुले येण्याआधी, जमीन ओली असताना, मोजे घालून ते मुळासह उपटावे. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागरूकता सप्ताह म्हणून पाळला जातो.

घाणेरी काढण्यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. तिच्या फुलांवर फुलपाखरांचे थवे असतात, जाळीत छोटे पक्षी घरटी करतात, ससे आणि रानडुकरे आसरा घेतात. जिथे दुसरे काहीच उरलेले नाही तिथे हा आसरा खरा आहे. त्यामुळे सगळी जाळी एकदम न काढता पट्ट्यापट्ट्याने काढणे, घरटे दिसले तर ते झुडूप पिल्ले उडेपर्यंत सोडणे आणि एका पट्ट्यात करवंद-धायटी उभी राहिल्यावरच पुढच्या पट्ट्याला हात लावणे, हे शहाणपणाचे.

काढलेल्या घाणेरीची लाकडे वाळल्यावर सरपणाला चालतात. कर्नाटकात सोलिगा कारागीर तिच्यापासून वेतासारखे फर्निचर बनवतात. निलगिरीतील गुडलूर परिसरात आदिवासी कारागिरांनी तिच्या फांद्या वाकवून खऱ्या मापाचे हत्ती घडवले; २०२१ साली त्यांचा कळप लंडनच्या उद्यानांत उभा होता.