गाडी का लागते?

वाईहून पाचगणीला अप-डाउन सुरू केलं त्या पहिल्याच आठवड्यात मला गाडी लागली. सकाळची एस.टी., मागच्या चाकाच्याही मागची सीट आणि मांडीवर सातवीच्या वह्या. घाट चढेपर्यंत दहा-बारा तपासून होतील असा हिशोब होता. पसरणी घाटाची तीन-चार वळणं झाली आणि तोंडाला पाणी सुटलं, कपाळावर गार घाम आला. तिकिटं फाडत आलेले कंडक्टर म्हणाले, "मॅडम, वह्या मिटा. खिडकीतनं लांब बघा, ते धोमचं पाणी दिसतंय तिकडं."

त्यांचं अगदी बरोबर होतं.

कानाच्या आत, कवटीच्या हाडात, तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की नलिका वळते, पण द्रव क्षणभर मागे राहतो. भरलेली बादली गर्रकन फिरवली तर आतलं पाणी लगेच फिरत नाही, तसंच. मागे राहिलेला द्रव केसांसारखे तंतू असलेल्या पेशींवर दाब देतो आणि मेंदूला वळण कळतं. शेजारच्या दोन इवल्या पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच जातीचे, सूक्ष्म खडे असतात. ब्रेक लागला, गाडीने वेग घेतला की ते सरकतात.

वह्या तपासताना माझे कान सांगत होते, आपण डावीकडे वळतोय. डोळे सांगत होते, अक्षरं जागच्या जागी आहेत. दोन साक्षीदारांचं जमत नाही, आणि त्याची शिक्षा पोटाला. हा विसंगतीचा सिद्धांत जेम्स रीझन यांनी सत्तरच्या दशकात नीट मांडला. कानाचा वाटा किती मोठा आहे हे त्याच्या कितीतरी आधी दिसलं होतं. विल्यम जेम्स यांनी 1882 साली नोंदवलं की गरगर फिरवलं तरी अनेक मूकबधिरांना चक्कर येत नाही. आतल्या कानाचं हे यंत्रच ज्यांचं निकामी असतं, त्यांना गाडी लागत नाही.

पण मग उलटीच का? मिशेल ट्रीझमन यांनी 1977 मध्ये एक तर्क मांडला. विषारी काही खाल्लं की डोळ्यांचा आणि तोलाचा मेळ बिघडतो. घाटातला गोंधळही मेंदूला विषबाधेसारखा वाटतो आणि तो पोट रिकामं करायला निघतो. अजून हा तर्कच आहे, पण मला तो पटतो.

ड्रायव्हरला मात्र त्याच घाटात काही होत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच माहीत असतं. नीट पाहिलंत तर तो वळणाच्या आतल्या बाजूला डोकं कलवतो आणि आपली डोकी बाहेर फेकली जातात. म्हणून पुढची सीट बरी, मागची वाईट. मागच्या चाकांच्या पलीकडचा भाग सर्वांत जास्त हेलकावतो. पाच-सहा सेकंदांना एक असे संथ हेलकावे मळमळीला सर्वांत वाईट. खड्ड्यांच्या जलद धक्क्यांनी कंबर दुखेल, पण उलटी सहसा होत नाही. गोळी घ्यायचीच तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी अर्धा-एक तास. मळमळ सुरू झाल्यावर पोटाचं कामच मंदावतं, मग गोळी तिथेच पडून राहते. तिने झोपही येते, हे दुचाकीवाल्यांनी लक्षात ठेवावं.

कानाला दडे बसतात ते मात्र हवेच्या दाबामुळे. वाई ते पाचगणी साडेपाचशे-सहाशे मीटरची चढण आहे, तेवढ्यात दाब 6-7 टक्के उतरतो. संध्याकाळी उतरताना त्रास जास्त, कारण घशाकडून कानात जाणारी नळी आतली हवा सहज सोडते, बाहेरची सहज घेत नाही. लिमलेटची गोळी चघळा. गिळताना नळी उघडते.

महिन्याभरात मी त्याच घाटात वह्या तपासायला लागले. कानातलं काही बदललं नव्हतं. मेंदूने, विशेषतः लहान मेंदूने, घाट शिकून घेतला होता. रोज ये-जा करणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात हे घडतं आणि मला ते फार विलक्षण वाटतं. पण ही शिकवणी त्या घाटापुरतीच असते. पोलादपूरला जाताना आंबेनळी घाटात मी पुन्हा पिशवी शोधली. मे महिन्याच्या सुट्टीनंतर पसरणीतही पहिले दोन-तीन दिवस जड जातात.

यंदा जूनमध्ये शाळेत नव्या मॅडम आल्या. पहिल्या दिवशी मी त्यांना पुढची खिडकी दिली आणि शेजारी बसून प्रत्येक वळणाआधी सांगत गेले, "आता डावीकडे. आता उजवीकडे, हे जरा मोठं आहे."