मेफ्लोक्विनचा त्रास की युद्धाचा आघात?

परदेशातल्या मोहिमेवरून जवान परततो. झोप लागत नाही, घाणेरडी स्वप्नं पडतात, बायकोमुलांवर उगाच खेकसतो. पुण्यात वानवडी-घोरपडीच्या फौजी वस्तीत शेजारीच निदान करून मोकळे होतात: ‘काय काय पाहिलं असेल तिकडं!’ डॉक्टरी भाषेत हा पीटीएसडी, आघातानंतरचा मानसिक त्रास. पुष्कळदा ते खरंही असतं.

पण अगदी हीच लक्षणं औषधाच्या एका गोळीनंही होतात. मेफ्लोक्विन, परदेशात लॅरियम या नावानं ओळखली जाणारी. हिवताप होऊ नये म्हणून आठवड्याला एकदा २५० मिलिग्रॅम. अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेत ती विकसित झाली. रोजच्या गोळीची कटकट नाही म्हणून फौजांना ती सोयीची वाटली. सोमालियात कॅनडाच्या, पूर्व तिमोरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या सैनिकांना ती दिली गेली.

दोन्हींत फरक करायचा तर मी आधी तारखा विचारीन. ही गोळी निघण्याच्या दोनेक आठवडे आधी सुरू होते आणि त्रास बऱ्याचदा पहिल्या काही गोळ्यांतच उमटतो. म्हणजे जवान अजून पुण्यातच आहे, एकही गोळीबार ऐकलेला नाही, तरी रात्री दचकून उठतोय. याला युद्धाचा आघात कसं म्हणणार?

पीटीएसडीला मुळाशी एखादा प्रसंग लागतो. तोच पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो, त्याची आठवण करून देणारी जागा माणूस टाळतो. मेफ्लोक्विनच्या स्वप्नांना असा प्रसंग लागत नाही. ती नुसतीच भडक, विचित्र असू शकतात. शिवाय चक्कर, तोल जाणं, कानात सतत आवाज. गोळी थांबवल्यावरही हे कायमचं राहू शकतं, असा ठळक चौकटीतला इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१३ मध्ये दिला. अर्थात स्फोटाजवळ सापडलेल्याचेही कान वाजतात, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लावता येत नाही. आणि एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, हे तर सगळ्यात अवघड.

नैराश्य, मनोविकार किंवा फिट्सचा इतिहास असलेल्यांना प्रतिबंधासाठी ही गोळी देत नाहीत. तो इतिहास बढती जाईल या भीतीनं लपवू नये. त्रास सुरू झालाच तर लगेच डॉक्टरांना गाठून औषध बदलून घ्यावं: रोजची डॉक्सिसायक्लिन किंवा अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल. नुसती गोळी सोडून देऊन आफ्रिकेत राहणं परवडणारं नाही, तिथला फाल्सिपेरम प्रकारचा हिवताप काही दिवसांत जीव घेऊ शकतो.