स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हात वर जात नसेल तर

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या स्त्रिया आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येतात, त्यांच्यापैकी बहुतेकींचा पहिला प्रश्न असा असतो की टाके पूर्ण सुकेपर्यंत हात हलवावा की नाही. आणि हा प्रश्न त्या विचारतात तेव्हा शस्त्रक्रियेला बहुधा दोन महिने उलटून गेलेले असतात. इंदूर असो की देवास-महू, भेटायला येणारी प्रत्येक मावशी आणि जाऊबाई "सव्वा महिना हात जपा" असे सांगून जाते. त्या सांगण्यात माया असते, परंतु आमचे आणि रुग्णाचे सर्वांत जास्त दिवस तिथेच वाया जातात.

काखेतील ग्रंथी काढल्या असतील तर व्रण भरताना काखेतील आणि छातीवरील कातडी ओढली जाते. दुखते म्हणून हात पोटाशी धरला जातो, खांदा पुढे झुकतो आणि न हलवलेल्या सांध्याचे आवरण आवळू लागते. पहिल्या आठवड्यात जे केवळ दुखणे असते त्याचा दोन महिन्यांनी आखडलेला खांदा झालेला असतो, आणि मग वेणी घालणे, ब्लाउजात हात घालणे किंवा फळीवरचा डबा काढणे यांसाठीही दुसऱ्याला हाक मारावी लागते.

याहून मोठी अडचण रेडिएशनच्या वेळी येते. रेडिएशन घेताना साधारणपणे हात डोक्याच्या वर आधारावर ठेवून, दररोज अगदी त्याच स्थितीत, निश्चल पडून राहावे लागते आणि त्याच्या आखणीचे सीटी स्कॅनही तशाच स्थितीत केले जाते. हात तिथवर पोहोचत नसेल तर आखणी लांबणीवर पडू शकते. अशा वेळी तारीख हातात घेऊन "चार दिवसांत हात वर करून द्या" असे म्हणत येणाऱ्या स्त्रियांना आम्ही नाही म्हणत नाही, परंतु आखडलेला खांदा चार दिवसांत सुटत नाही. त्याला काही आठवडे लागतात आणि त्रासही अधिक होतो. याउलट दुसऱ्या आठवड्यात येणाऱ्या अनेक स्त्रियांना आम्ही केवळ व्यायाम शिकवून घरी पाठवतो.

लवकर या, असे आम्ही धंद्यासाठी म्हणतो, असे कोणाला वाटल्यास गैर नाही. मात्र ब्रिटनमधील १७ केंद्रांत, खांद्याचा त्रास होण्याचा धोका अधिक असलेल्या ३९२ स्त्रियांवर झालेल्या 'प्रॉस्पर' या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर ७ ते १० दिवसांनी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू केलेल्यांचा हात वर्षभरानंतर अधिक चांगला चालत होता. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जखमेतील पाणी बाहेर काढणारी नळी लावलेली असेपर्यंत मूठ उघडणे-मिटणे, कोपर वाकवणे आणि हात खांद्याच्या उंचीपर्यंतच उचलणे इतके पुरते. नळी निघाल्यावर आणि शल्यचिकित्सकांनी होकार दिल्यावर भिंतीवर बोटे चढवत नेण्याचा व्यायाम सुरू करावा आणि रोज जिथे हात पोहोचेल तिथे पेन्सिलीने खूण करावी. ताण जाणवला तर चालेल. दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत टिकले तर व्यायाम जास्त झाला असे समजावे. स्तनाची पुनर्रचना झाली असेल तर वेळापत्रक वेगळे असते, तेव्हा हे पत्रक पाहून परस्पर काही सुरू करू नये.

काही स्त्रियांना काखेतून कोपराकडे, कधी मनगटापर्यंत, ताणलेल्या दोरीसारखे काही हाताला लागते आणि "नस आखडली" म्हणून त्या मालिशवालीकडे जातात. ती बहुधा काखेतील ग्रंथींकडे जाणाऱ्या लसवाहिन्यांशी, म्हणजे शरीरातील लसीका हा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांशी, संबंधित दोरी असते. ती कर्करोग परतल्याची खूण नव्हे, आणि हळूहळू ताण देण्याच्या व्यायामांनी बहुतेकींची ती सैल होते. जोराने रगडून घेणे मात्र टाळावे.

"तुम्ही मशीन लावत नाही का?" असेही विचारले जाते. कर्करोग झालेल्या जागेवर आम्ही अल्ट्रासाउंड किंवा उष्णता देणारे यंत्र वापरत नाही, आणि जिथे काखेची कातडी बधिर झालेली असते तिथे गरम पिशवीही ठेवू देत नाही, कारण भाजले तरी ते कळत नाही. यंत्र लावून वीस मिनिटे दुसऱ्या रुग्णाकडे जाणे आम्हांला सोयीचे झाले असते. त्याऐवजी आमची फिजिओथेरपिस्ट, जी स्त्रीच असते, पूर्ण वेळ तुमच्याबरोबर राहते.

प्रत्येक भेटीत आम्ही दोन्ही हातांची मापे टेपने घेतो, म्हणजे हाताला सूज येऊ लागली तर ती लवकर ओळखता येते. घरी त्या हाताच्या बांगड्या आवळू लागल्या किंवा हात जड वाटू लागला तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. हात लाल आणि गरम होऊन ताप आला तर आमच्याकडे न येता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रेडिएशन संपल्यावर काही महिन्यांनीही ऊती आखडू शकतात, त्यामुळे हात मोकळा झाला तरी व्यायाम चालू ठेवावेत. त्यासाठी दर वेळी आमच्याकडे येण्याची गरज नाही.

पहिल्या भेटीला पुढून उघडणारा सैल कुर्ता किंवा ब्लाउज घालून यावे, आणि रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड व शस्त्रक्रियेचा कागद बरोबर आणावा. काखेतल्या ग्रंथी किती काढल्या हे त्यावर लिहिलेले असते, आणि ते कळल्याशिवाय आम्ही हाताला ताण देत नाही, मग तुम्ही उज्जैनहून आला असलात तरीही.