युरिक अॅसिड, प्रोस्टेट आणि तुंबलेली लघवी

साठी उलटलेल्या पुरुषाच्या रक्ततपासणीत युरिक अॅसिड वाढलेले दिसले आणि त्याच सुमारास सोनोग्राफीत प्रोस्टेट (मूत्राशयाखाली मूत्रमार्गाभोवती असलेली पुरुषांतील ग्रंथी) मोठी निघाली, की घरात पहिली गदा डाळी आणि पालकावर येते आणि एका दुखण्यामुळेच दुसरे झाले असे गृहीत धरले जाते. युरिक अॅसिडमुळे प्रोस्टेट वाढते हे सिद्ध झालेले नाही. या दोहोंमधील खात्रीचा दुवा आहे तो लघवीचा, आणि तो बऱ्याचदा उलट्या दिशेने चालतो.

पेशींतील आणि अन्नातील प्युरीन या द्रव्यांचे विघटन होऊन युरिक अॅसिड तयार होते. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिकेज हे विकर (एन्झाइम) त्याचे सहज विरघळणाऱ्या पदार्थात रूपांतर करते, पण मानवाच्या पूर्वजांनी ते विकर लाखो वर्षांपूर्वीच गमावले. त्यामुळे आपल्या शरीरातील सुमारे दोन-तृतीयांश युरिक अॅसिड मूत्रपिंडांनाच बाहेर टाकावे लागते. वाढलेल्या प्रोस्टेटने मूत्रमार्ग दीर्घकाळ आवळून धरला, तर मागे साचलेल्या लघवीचा दाब मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो आणि क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्याबरोबर युरिक अॅसिडही रक्तात चढू लागते. अर्थात रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या थायझाइड गटातील गोळ्यांनीही हा आकडा वाढतो, म्हणून पालकाला दोष देण्याआधी औषधांची चिठ्ठी पाहावी. (भाज्यांतील प्युरीनमुळे गाउटचा, म्हणजे युरिक अॅसिडचे स्फटिक सांध्यांत साचून होणाऱ्या दुखण्याचा, धोका वाढत असल्याचे मोठ्या पाहणीत आढळलेले नाही.)

युरिक अॅसिडवरील अॅलोप्युरिनॉल हे औषध प्रोस्टेटसाठी वापरून पाहण्याचा प्रयत्न स्वीडनमध्ये झाला होता. लघवी उलटी ग्रंथीच्या नलिकांत शिरते आणि तिच्यातील युरेटमुळे (युरिक अॅसिडच्या क्षारामुळे) दाह होतो, अशी त्यामागची कल्पना होती. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ५४ पुरुष होते आणि काहींना आराम पडल्याचे दिसले. परंतु तेवढ्या आधारावर हा उपचार रूढ झाला नाही. शिवाय ती चाचणी जंतूंविना होणाऱ्या प्रोस्टेटच्या दाहावर होती, वयोमानाने होणाऱ्या वाढीवर नव्हे.

प्रत्यक्षात अधिक त्रास देतो तो मूत्राशयातील खडा. रात्री वारंवार उठावे लागते म्हणून अनेक वयस्कर पुरुष दिवसभरही पाणी कमी पितात. परिणामी लघवी दाट होते, तिचा पीएच (हा आकडा जितका कमी तितका आम्लपणा जास्त) ५.५ च्या खाली गेला तर युरिक अॅसिड विरघळलेले राहत नाही, आणि मूत्राशय पूर्ण रिकामे होत नसल्यामुळे स्फटिकांना वाढायला सवड मिळते. लघवीची धार मध्येच तुटावी आणि आडवे झाल्यावर पुन्हा सुरू व्हावी, हे अशा खड्याचे ठळक लक्षण आहे. शुद्ध युरिक अॅसिडचा खडा साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. लघवी करून आल्यावर मूत्राशयात ती किती उरली, हेही त्याच तपासणीत मोजता येते. मूत्रपिंडातील असा खडा लघवीचा आम्लपणा कमी करणाऱ्या पोटॅशियम सायट्रेटने कित्येकदा विरघळतो, मात्र मूत्राशयातला सहसा दुर्बिणीतून फोडून काढावा लागतो, आणि प्रोस्टेटचा अडथळा तसाच ठेवला तर खडा पुन्हा होऊ शकतो.