सामायिक संदेशमंच

गटाचे निरोप, फाइली आणि निर्णय सर्वांना दिसतील अशा एका ठिकाणी ठेवून काम चालवण्याची व्यवस्था. स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स, झुलिप, मॅटरमोस्ट हे असे मंच. विषयवार चॅनेल, म्हणजे प्रत्येक विषयाच्या बोलण्याची वेगळी जागा, ही कल्पना त्यांच्याहून जुनी, फिनलंडच्या यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ मध्ये केलेल्या आयआरसी (इंटरनेट रिले चॅट) या इंटरनेटवरील गप्पांच्या व्यवस्थेमधली. स्लॅक तर ‘ग्लिच’ नावाचा ऑनलाइन खेळ तयार करणाऱ्या चमूने स्वतःच्या सोयीसाठी बनवले होते. खेळ २०१२ मध्ये बंद पडला आणि साधन २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले.

नागपुरात सायंकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे नऊ झालेले असतात. त्यामुळे नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातल्या एखाद्या आयटी चमूला परदेशी सहकाऱ्यांशी बोलायला दिवसाचा थोडाच वेळ मिळतो. काम कुठवर आले, कुठे अडले, हे थ्रेडमध्ये, म्हणजे एका निरोपाखालच्या उत्तरांच्या साखळीत, लिहून ठेवले तर पुढच्याला फोनची वाट पाहावी लागत नाही.

कार्यालयांबाहेर मात्र व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचाच वापर जास्त. एका ग्रुपमध्ये १,०२४ जण सामावतात, पण सगळे विषय एकाच ओघात येतात, ही त्याची खरी अडचण. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो अनुयायी येतात. तिथे भोजनदान, पिण्याचे पाणी, औषधोपचार अशी सेवा देणाऱ्या स्वयंसेवकांचे सगळे बोलणे एकाच ग्रुपवर चालले, तर हरवलेल्या मुलाची माहिती शुभेच्छांच्या निरोपांखाली दबू शकते. म्हणून प्रत्येक सेवेचा ग्रुप वेगळा आणि सूचनांचा ग्रुप फक्त अ‍ॅडमिनना लिहिता येईल असा ठेवणे उत्तम. २०२२ मध्ये आलेल्या ‘कम्युनिटी’ सुविधेत असे ग्रुप एका छताखाली आणता येतात. ‘पाणी संपले’ एवढा निरोप पुरत नाही. कोणत्या प्रवेशद्वाराजवळ, किती वाजता आणि टँकर कोण पाठवणार, हे त्यातच लिहावे लागते. जबाबदारी घेणाऱ्याने ‘मी पाहतो’ असे उत्तर दिले नाही, तर दोघे एकाच कामाला धावतात किंवा कोणीच जात नाही.

एवढ्या गर्दीत मोबाइल नेटवर्कवर ताण येतो आणि निरोप उशिरा पोहोचतात. त्यामुळे तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी संदेशमंचावर विसंबणे धोक्याचे. ठरलेल्या जागी माणूस उभा असलाच पाहिजे. हरवलेल्या मुलाचा फोटो ग्रुपवर टाकला असेल, तर ते सापडताच तो काढून टाकणे हीही अ‍ॅडमिनची जबाबदारी.