वेलीला लटकणारे बटाटे

दिवाळीनंतर चोपड्याच्या आठवडे बाजारात सातपुड्यातून उतरलेल्या पावरा बायका गोणपाट अंथरून बसतात. तिथेच डिंक आणि भगरीशेजारी मला ते तपकिरी, खरबरीत गोळे दिसले. एक उचलला तशी बाई म्हणाली, "कडू शे, दादा. राखना पानीमा उकाडा, मंग खा."

हा करांदा, शास्त्रीय नाव डायोस्कोरिया बल्बिफेरा. उपवासाच्या कोनफळाचा रानातला भाऊबंद. गंमत अशी, की हा गोळा जमिनीत नाही, वेलीवर पानाच्या बेचक्यात धरतो. ते फळही नव्हे. फुगलेला कोंबच तो, अन्न साठवून बसलेला. या जातीत नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. जोडीदार जवळ नसला तरी अडत नाही, कारण गळून पडलेला गोळा पावसाळ्यात आपणहून अंकुरतो.

घरी येऊन मी शहाणपणा केलाच. गोळा कापला. आत पिवळसर, बुळबुळीत गर. जिभेच्या टोकाला लावला आणि पुढे दोन कप चहा झाला तरी तो कडवटपणा हटेना.

या कडूपणामागे डायोस्बल्बिन नावाची संयुगं आहेत. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यातल्या डायोस्बल्बिन-बी मुळे यकृताला इजा झालेली दिसली आहे. चीनमध्ये या वेलीचा जमिनीतला कंद गलगंडावर औषध म्हणून देतात. तो घेऊन माणसांचं यकृत बिघडल्याच्या नोंदीही आहेत. आपल्याकडे वाराही कंद म्हणून त्याचे गुण सांगताना ही बाजू कुणी फारशी सांगत नाही, याचा मला राग येतो. राखेचं पाणी क्षारधर्मी असतं. या संयुगांत लॅक्टोन नावाची कडी असते, आणि अशी कडी क्षारात उघडली की रेणू पाण्यात जास्त विरघळतो. म्हणूनच उकळलेलं पाणी ओतून द्यायचं.

याच कुळातल्या बैचांदीचं विष वेगळं. त्यातल्या डायोस्कोरीनने झटके येतात. म्हणून या कंदाच्या चकत्या वाहत्या पाण्यात दिवसेंदिवस ठेवतात. ओळख पक्की नसेल तर रानातला कंद घरी आणूच नये.

औषधाची मोठी गोष्ट मात्र मेक्सिकोत घडली. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने तिथल्या रानकंदांतल्या डायोसजेनिनपासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार केलं. पुढे गर्भनिरोधक गोळ्यांसाठी लागणारा कच्चा माल याच वाटेने आला. पण हे रूपांतर प्रयोगशाळेत होतं, शरीरात नाही. 'वाइल्ड याम' (रानकंद) छापलेलं क्रीम चोळून प्रोजेस्टेरॉन वाढत नाही.

उरलेल्या करांद्यांसाठी राख हवी होती, आणि गॅसच्या घरात ती कुठली? शेतावरच्या भरीत पार्टीतून पऱ्हाट्यांची राख डबाभर आणली. दोनदा पाणी बदलून उकडले, साल काढली, तिखट-मीठ लावलं. चव बटाट्यासारखी, पण मागून किंचित कडू. दोन फोडी खाऊन थांबलो.